मागच्या दारावरचा हिरवा दिवा

१२ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळ.

अखेर आमच्या बारच्या मागच्या दारावर तो हिरवा दिवा लागला. आग लागली तर गिऱ्हाइकांना बाहेरची दुसरी वाट दिसली पाहिजे, नाहीतर परवाना अडकेल, असं तपासणीचे साहेब बजावून गेले होते. बरोबरच आहे त्यांचं. मग सकाळपासून मला कसली चुटपुट लागलीय?

माझे वडील, अण्णा, गल्ल्यावर बसायचे तेव्हा त्या दारात मुद्दाम अंधार ठेवायचे. पुढून येतं ते गिऱ्हाईक आणि मागून येतात ते पाहुणे, असं म्हणायचे. पाहुणे म्हणजे अब्रूला जपणारे. शाळामास्तर, भजनातले टाळकरी, एखाद्याचा व्याही. त्यांना कधी मोठ्यानं हाक मारायची नाही, हा अण्णांचा कायदा. त्या पाहुण्यांतले आता एकटे मास्तर उरलेत.

आजही ते बोळातून आले आणि त्या उजेडात थबकले. पांढरा सदरा पार हिरवागार. मलाच लई ओशाळल्यासारखं झालं. हळूच म्हणालो, "मास्तर, सरकारी नियम हाय. तुमी येताना घटकाभर बंद करतो की."

"नको रं, राहू दे." दिव्याकडं बघत राहिले. "ज्यांच्यापास्नं लपायचं, ती सगळी गेली. आता कोण वळकतंय मला?"

जाताना पुढच्या दारानं गेले. भर रस्त्यावर. मला राहवलं नाही, पायरीवरून ओरडलो, "मास्तर, सावकाश जावा!"

अण्णांचा कायदा मोडला. रस्त्यावरच्या एकानंही वळून बघितलं नाही.