अंगठ्यापर्यंतचा धागा

पनवेल, १२ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
हेमांगीचा पायांना हात लावून नमस्कार.

मी इथे सुखरूप आहे. वसतिगृहाचे जेवण बरे आहे, फक्त मासळीला आपल्या हर्णैची चव नाही. आईचा खोकला थांबला का?

फोनवर तुमच्याशी बोलताना मला शब्द सुचत नाहीत, म्हणून लिहिते. काल नर्सिंगच्या वर्गात चेतापेशी शिकवल्या. पायाच्या अंगठ्याची वेदना कळवणारी पेशी पाठीच्या कण्याजवळ असते आणि तिचा एक लांब धागा थेट अंगठ्यापर्यंत जातो. रक्तात साखर वाढत राहिली, की सर्वांत लांब धागे आधी झिजतात. मग पायाला लागलेले कळत नाही. बाई म्हणाल्या, "दुखत नाही, हीच खरी भीती."

दिवाळीत तुमच्या टाचेत शिंगाळा माशाचा काटा रुतला होता. रक्त आईला दिसले, तुम्हाला कळलेही नव्हते. शेजारचे दादूकाका म्हणाले, "तुझ्या बापाला काटाबी बोचत नाय!" तेव्हा मीही अभिमानाने हसले.

ती जखम भरली का? आईला रोज तुमचे तळवे पाहू द्या, आणि या सोमवारीच दवाखान्यात जाऊन साखर तपासून घ्या. माझ्यासाठी एवढे कराच.

बाबा, मी निघाले तेव्हा तुम्ही पाठमोरे उभे राहून जाळे सांधत होतात. मी मागूनच वाकून तुमच्या दोन्ही पायांना हात लावला. पिशवी उचलून दारापर्यंत गेले, तेव्हा तुम्ही विचारलेत, "पाया न पडताच चाललीस गो?"

मला ती थट्टा वाटली होती.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
हेमांगी