सुकाणूला किती हात रंग

३ मार्च
जेवायच्या टेबलावर सुकाणू! खाली वर्तमानपत्र अंथरलंय, म्हणजे म्हणे चालतं. माझे यजमान — होडी सतरा फुटी, रुबाब जहाजाचा, म्हणून मी कप्तान म्हणते — जुना रंग खरवडत बसले होते. सुकाणूचा खालचा भाग पाण्यात, वरचा उन्हात. दोघांची दुखणी वेगळी, औषधं वेगळी, असं मला समजावून झालं. स्वतःच्या गोळ्या मात्र विसरले. हृदयाचं ऑपरेशन होऊन चारच महिने झालेत!

५ मार्च
रंगवाल्याकडे दीड तास. त्याने विचारलं, "होडी पाण्यातच ठेवणार, की दर वेळी वर ओढणार?" वर ओढली तर शेवाळ धरत नाही, साधा रंग पुरतो.
"पाण्यातच. अख्खा हंगाम," कप्तान एका दमात म्हणाले. म्हणजे रोज जाणार! गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे एकटेच जाऊन आले. काय म्हणाले विचारलं, तर "उत्तम!" ह्यावर विश्वास कोण ठेवणार?
शेवटी ठरलं ते असं — आधी सगळीकडे पाणी मुरू न देणारं इपॉक्सी, मग खाली शेवाळ न धरणारा रंग, वर उन्हाला टिकणारं व्हार्निश.

६ मार्च
खालचा रंग लाल की निळा? मी निळा म्हणाले.

७ मार्च
मी लाल म्हणाले. रंगवाल्याने हात जोडले. "बाई, पाण्याखाली बघतंय कोण?"

१० मार्च
लिहून टाकते. इपॉक्सी कालवायचं काम माझ्याकडे होतं. ते घट्ट वाळवणारा हार्डनर मी अर्धाच घातला. मुद्दाम! सुकाणू वाळलं नाही तर हे जाणार कसे? एकटे, भर वाऱ्यात, छातीवर तो एवढा व्रण घेऊन.

१३ मार्च
अजून चिकट. बोट लावलं की ठसा. कप्तान म्हणाले, "हवा दमट आहे." चोराच्या मनात चांदणं — मीच न मागता दोनदा चहा करून दिला.
मग सगळं खरवडून काढलं. म्हणाले, "आता तू लाव. मी बघतो."
"मी का?"
"तुझा हात थरथरत नाही."
आणि दोन तास सूचना! पातळ लाव. ओघळ पुस. इपॉक्सी जरा चिकट असतानाच लाल रंग चढव, म्हणजे धरून बसतो. माझ्या नाकाला रंग लागला तो त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसला. चाळीस वर्षांनी लाजले मी. काय हे!

१९ मार्च
व्हार्निशचे चार हात झाले. सुकाणू होडीला बसवलंही मीच. सुकाणू अडकवायची खिळी कुठे सरकते, कुठे अडते, सगळं माझ्याकडून तीनदा करून घेतलं.
घरी येताना राहवेना. रस्त्यातच रडले. "मी नाही जाऊ देणार तुम्हाला! हार्डनर मीच कमी घातला होता!"
"माहीत आहे. हार्डनरचा डबा अर्धा भरलेलाच होता."
"मग रागावला का नाहीत?"
"तू लावलेला रंग बघायचा होता मला."
एवढंच.

२० मार्च
आज सकाळी डॉक्टरांचा कागद हातात दिला. महिन्याभरापूर्वीचा. दोर ओढणं, शीड चढवणं, होडी चालवणं — कायमचं बंद. नुसतं बसून जायला हरकत नाही.
उद्या सातला माझा पहिला धडा.