सर्वणच्या तळ्याची मोजणी

इब्रामपूर, २० डिसेंबर १९८७

चि. चंद्रा बाय हीस दादाचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. थंडीत तुझ्या वहिनीचे गुडघे तेवढे कुरकुरतात.

एक काम सांगतो, हसू नकोस. जानेवारीत ठिकठिकाणी पाणपक्ष्यांची मोजणी आहे, आमच्यासारख्या हौशी माणसांनीच करायची. तुझ्या घरामागचे तळे तू मोजावेस. दुर्बीण, पक्ष्यांची चित्रे आणि फॉर्म कंडक्टरकडे देतो. ऊन चढायच्या आत जा. थवा मोठा असला तर आधी दहा मोज, दहांनी व्यापलेली जागा डोळ्यात धर आणि त्या मापाने पुढे जा. ओळखता आला नाही तर 'अनोळखी' लिही. अंदाज चालेल, बनवाबनवी नको.

सगुणभाऊजी गेल्यापासून तू दाराबाहेर पडत नाहीस, असे तुझा रुद्रेश म्हणत होता. तेही माझ्या मनात आहे.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
गोकुळदासदादा


सर्वण, १२ जानेवारी १९८८

ती. दादास चंद्रावतीचा नमस्कार, वि. वि.

तीनदा मोजले, तिन्ही वेळा आकडा निराळा. मधला लिहिला आहे, ३१८. अडया बदके सगळ्यांत जास्त. त्या शीळ घालत उतरतात तेव्हा बालवर्ग सुटल्यासारखे वाटते. शेपटीला सुई असलेली ती तलवार बदके, हे तुझ्या चित्रावरून ठरवले.

पोदेर पाव घेऊन येतो तेव्हा मी तळ्याच्या बांधावर, मेरेवर असते, घरात कुणी नाही. रुद्रेश कुरकुरतो, आई चहाही घेत नाही म्हणून. शेजारच्या भाग्यलक्ष्मीने विचारले, एवढी बदके मोजून शिजवणार कधी.

पुढच्या वर्षीही फॉर्म पाठव. बहिणीवर लोभ आहेच, तो वाढू दे.

चंद्रा


सर्वण, १४ जानेवारी १९९०

ती. दादास सा. न. वि. वि.

गेल्या वर्षी ९२ पाखरे होती. यंदा एकही नाही.

वरच्या खाणीचा मातीचा ढिगारा दोन पावसाळे खाली वाहत आला आणि तळ्यात बसला. पाणी गुडघाभर, तेही तांबडे. कमळे गेली. तीन सकाळी मेरेवर बसून राहिले, टिटवीसुद्धा ओरडली नाही. रुद्रेश त्याच खाणीवर टिपर चालवतो. उरलेले तळे भरून तिथे खाणीचा माल ठेवणार, असे तोच सांगत होता.

शून्य लिहून फॉर्म पाठवते आहे. जपून राहा.

चंद्रा


इब्रामपूर, २० जानेवारी १९९०

चि. चंद्रा बाय हीस अ. आ.

फॉर्म परत पाठवतो, रागावू नकोस. तळे भरू नये म्हणून तुमच्या गावकऱ्यांनी अर्ज केला आहे ना, त्यावर निर्णय देण्यासाठी सरकारी कचेरीने यंदाची मोजणी मागवली आहे. शून्य वाचले की ते म्हणतील, पक्षीच नाहीत तर राखायचे काय? तू चाळीस लिही. चाळीस अडया. तपासायला कुणी येत नाही.

बनवाबनवी नको म्हणणारा मीच. हे लिहिताना हात कसा चालतो ते मला ठाऊक. पण तळे एकदा गेले तर परत येणार नाही.

तुझे भले चिंतणारा,
दादा


सर्वण, २७ जानेवारी १९९०

ती. दादास सा. न. वि. वि.

दोन दिवस फॉर्म पुढ्यात घेऊन बसले. चाराचा आकडा काढलाही होता, मग खोडला. चाळीस लिहिले तर त्या मातीने काहीच बिघडवले नाही असे होईल. ३१८ चे शून्य झाले, हे दुसरे कोण लिहिणार आहे?

रुद्रेशने फॉर्म पाहिला. म्हणाला, "आई, तुझ्या या शून्यावर माझी नोकरी टिकेल." आणि ताटावरून उठला.

फॉर्म परस्पर कचेरीत धाडला. शून्यच. तू रागावशील. रागावलास तरी खुशाली कळवत जा.

चंद्रा


सर्वण, १६ जानेवारी १९९१

ती. दादास सा. न. वि. वि.

वर्षभर तुझे अक्षर पाहिले नाही. वहिनी दोन ओळी लिहिते तेवढेच.

तू म्हणालास तसेच झाले. एप्रिलात पंचायतीत हुकूम वाचून दाखवला. सदर ठिकाणी पक्षी आढळत नाहीत, सबब भराव घालण्यास हरकत नाही. मोजणी करणारी व्यक्ती, चंद्रावती सगुण गावस. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. सही तुझीच काय, असे एकाने विचारले. मी हो म्हटले. त्यानंतर कितीतरी दिवस कुणी माझ्याशी बोलले नाही.

पावसाच्या आधी तळे भरून झाले. पहिली खेप रुद्रेशच्या टिपरची होती. त्यानेच घरी येऊन सांगितले. मी त्याला जेवायला वाढले.

आज सकाळी पाय आपसूक तिकडे वळले. साडेसातच्या सुमारास अडया आल्या. सतरा. सपाट मातीवर शीळ घालत तीन घिरट्या घातल्या, दर घिरटीला थोड्या खाली. मग उठून निघून गेल्या. कुठे ते दिसले नाही.

एक कोरा फॉर्म माझ्याकडे उरला होता, तो काढला आहे. त्यात पाण्यावर उतरलेल्या पक्ष्यांचाच रकाना आहे. जे उतरू शकले नाहीत त्यांना कुठे लिहायचे, एवढे तरी कळव.

तुझीच,
चंद्रा