माझं हसू कुठं लावलं

९ ऑक्टोबर २००७
दर्यापूर. संध्याकाळी शेजारच्या शोभाकडे भाजी निवडत होते. अकोल्याच्या केबल चॅनलवर नवी नक्कल. दारू पिऊन पडलेला शेतकरी, बायको त्याला म्हणते, मरायचं तं लवकर मर, सरकारी पॅकेज बंद होईन. मागून एक बाई खदखदून हसली. शोभा माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, हे तं तुमचं हसणं होय."
माझंच. शेवटी उचकी लागते ते. असल्या गोष्टीवर मी हसेन?

१० ऑक्टोबर
झोप नाही. केबल नवं आलं तेव्हा हे होते. आम्ही दोघं तो विलायती नकलांचा कार्यक्रम पाहायचो. पुरुष झगे घालून बाया व्हायचे, मंत्री-पाद्री कोणालाच सोडत नसत. मी शब्दकोश मांडीवर घेऊन बसायची. माझं इंग्रजी तिथलं, अर्धंमुर्धं. न दिसणारे लोक हसायचे, त्यात एक बाई सगळ्यांच्या आधी. तिला आम्ही मडम म्हणायचो. एकदा हे म्हणाले, "आपल्यालेही एक मडम पायजे. तू बस."
मग कादरभाईंचा लग्नाचा कॅमेरा, आमची पुढची खोली, यांच्या वऱ्हाडी नकला. मी दाराआड बसून हसायची. ठरवून नाही, यायचंच.
चॅनलवर लावलेलं हसू जीपमधल्या सायबाच्या नकलेतलं. पिकाची पाहणी करायला आला, चिखलात उतरायला तयार नाही. जीपमधूनच म्हणतो, "कपाशीले म्हणा, इकडं ये." तिथं मला उचकी लागली. अन् नक्कल सोडून हे हळूच म्हणाले, "पाह्य, बुडाली मडम." टेपवर तेही आहे.
चॅनलवाल्यांनी नेमकं त्याच्या आधी कापलं. हसू वाजतं, मी पुढच्या शब्दांची वाट पाहते.

१२ ऑक्टोबर
कादरभाई आले. मान खाली. टेपा त्यांनीच दिल्या. केबलवाल्याचा मुलगा नीलेश आता चॅनल चालवतो, जुन्या नकला दाखवतो म्हणून घेऊन गेला. "भाभी, मले वाटलं भाऊंचं नाव निघेल." चहा दिला. साखर घातली नाही.

१३ ऑक्टोबर
वंदना दिसली, गल्लीच्या तोंडाशी. मागल्या वर्षी तिच्या नवऱ्यानं फवारणीचं औषध घेतलं. मला पाहून दुसरीकडे वळली. तिच्या घरीही हेच केबल.

१५ ऑक्टोबर
अकोला. जीपमध्ये कोंबून गेले. नीलेश पाया पडला. सायबाची नक्कल का नाही दाखवत? सरकारी जाहिराती येतात म्हणे. अन् दारुड्याची? ती लोकांना आवडून राहिली. "काकू, हसू काय, कोणाचंही असते."
म्हटलं, "ते माह्यं हाय. ह्यायच्यासाठी आलेलं हाय. काढ ते."
काढतो म्हणाला नाही. रविवारी चॅनलचा वर्धापनदिन, यांच्या आठवणी, मला शाल-नारळ. दोन शब्द बोला म्हणे. ते दोन शब्दही त्यानंच लिहून दिले. येताना जीपमध्ये दात आवळून बसले, अजून जबडा दुखतो.

१८ ऑक्टोबर
आजही वाजलं. दोनदा.
ती विलायती मडम. तिला कोणी विचारलं असेल का, बाई, तुझं हसू कुठं लावू?

२० ऑक्टोबर, शनिवार
उद्या जाते. शोभा म्हणते, शाल घ्यायला चालल्या. म्हणू दे.
वंदनाच्या दारात उभी राहून सांगून आले, मी त्या नकलेवर हसले नव्हते, उद्या टीव्ही लाव. तिनं दार लोटलं, पण कडी लावल्याचा आवाज आला नाही.
नीलेशचा कागद इथंच राहील. सायबाची नक्कल मला पाठ आहे. त्या नकलेतला यांचा काळा चष्मा घालून पाहिला, नाकावरून घसरतो. मागून दोरा बांधला.
कादरभाईंचा निरोप: "थेट कार्यक्रम हाय भाभी, कापता येत नाही. कॅमेऱ्यावर मीच हाय."
'इकडं ये' म्हटल्यावर हे थांबायचे. मीही थांबेन. कोणी हसलं नाही तरी थांबेन.