फ्रीजरमध्ये उंदीर नको म्हणून

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी महिनाभर मी तुमच्यावर नुसती धुमसतेय. लेकीला साप पाळायचाय, आणि तोही हिरवाच, लहानपणी मला हवा होता तसा. म्हणून तिला मिसिसागातल्या एका पेट शॉपमध्ये घेऊन गेले. काउंटरवरची बाई म्हणाली, "पहिलाच साप ना? मग हिरवा नको. तो नुसता लांबून बघायचा. सारखा हातात घेतला की घाबरतो, खाणं सोडतो. कॉर्न स्नेक घ्या." मला आपला तो हिरवा साप आठवला.

मी दहा वर्षांची आहे, आपण कॅनडात किचनर गावातल्या घरात राहतोय. दुकानदार तेव्हाही कॉर्न स्नेकच दाखवतोय, आणि तुम्ही विचारताय, "खातो काय?" फ्रोझन उंदीर, असं ऐकताच तुम्ही दोन पावलं मागे. "छे छे! आमच्या फ्रीजरमध्ये उंदीर? श्रीखंडाच्या डब्याशेजारी?" ऑफिसच्या पार्टीत चिकन विंग्ज चापणारे तुम्ही! हिरवा साप नुसते किडे खातो एवढं कळलं आणि तुम्ही तो घेऊन मोकळे झालात. तो नाजूक असतो, हे दुकानदार सांगत होता, पण ऐकतंय कोण? मग दर शनिवारी मंडळी जेवायला आली की तुम्ही त्याला बाहेर काढायचात. "घ्या हो हातात, काही करत नाही." मी म्हणायचे, "बाबा, ही डझन्ट लाइक इट!" सगळे हसायचे. त्याने खाणं सोडलं. तो मेला तेव्हा त्याच मंडळींसमोर तुम्ही मला म्हणालात, "एवढासा जीव सांभाळता आला नाही, आणि म्हणे प्राण्यांची डॉक्टर, व्हेट व्हायचंय!"

मी व्हेट झाले नाही. बँकेत आहे. घरात कधी साधी कुंडीसुद्धा ठेवली नाही. लेक झाली तेव्हा तिला आंघोळ घालायला मी धजायचे नाही, आईला वाटायचं बाळंतपणाचा अशक्तपणा. तो साप तुम्ही मारलात, बाबा. तुम्ही! आणि ठपका माझ्यावर ठेवून निवांत निघून गेलात. आता भांडू कोणाशी? हे पत्रही ड्रॉवरमध्येच पडून राहणार.

कॉर्न स्नेक आणलाय. छान खातो. लेक सोफ्यावर बसून त्याला मनगटावर खेळवते आणि म्हणते, "आई, यू ट्राय ना, ही इज सो चिल." मी कुकर लावायचं निमित्त करून उठते. चूक कोणाची होती ते आता मला पक्कं ठाऊक आहे. तरीसुद्धा, बाबा, मी अजून त्याला हात लावलेला नाही.