टेबलावरचं लाल बटण

दादा,
मी मावशीकडे जातेय, उद्या शाळेतूनही तिकडेच. जेवण झाकून ठेवलंय, बाबांना वाढ.

तुमच्या त्या रोलप्लेच्या, एकेक पात्र होऊन गोष्ट रंगवायच्या खेळात कुणाला सहन झालं नाही, तर लाल बटणावर हात ठेवायचा आणि प्रसंग तिथेच थांबवायचा, हा नियम तुझाच ना? काल तू रंगवलेली मरणारी राणी म्हणाली, "उशी जरा वर कर गं." थेट आईच्या, दवाखान्यातल्या शेवटच्या आवाजात! मी हात ठेवला. तू म्हणालास, "थांब गं, आत्ता कुठे रंग चढतोय." मित्रांनी टाळ्या पिटल्या. वा रे बहाद्दर!

खेळातली माझी दरोडेखोरीण खुशाल लांडग्यांपुढे टाक. बटण मी नेलंय. आईच्या स्वेटरचं आहे ते. तुझ्या टेबलावर नुसतं शोभेला कशाला?