वीज कुठून घ्यायची, त्याची हद्द

बाबा, शाळेच्या वहीत मी 'वीज बटणातून येते' असं लिहिलं, तेव्हा तुम्ही चिडला होता. "काऊन वो, बटणात का विहीर हाय?" दुसऱ्या दिवशी सकाळी मला लाइनीवर घेऊन गेलात. तुम्ही लाइनमन, खांद्यावर दोर. मी मागून दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून चालते आहे, धानाची पाती पोटऱ्यांना कापतात. सबस्टेशनाच्या जाळीपाशी एवढंच म्हणालात, "आता खोडून लिह्य."

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी नागपूरला एका खाद्यतेलाच्या कंपनीत लागले. कारखाना आपल्याच तालुक्यात. तिथल्या तारेतली वीज बहुतेक कोळशाची. पण तेवढीच स्वच्छ वीज दुसरीकडे कुणी तयार केली, की तिचं प्रमाणपत्र विकत घेऊन 'आमची वीज स्वच्छ' म्हणता येतं. सक्ती कुणाची नाही. प्रश्न एवढाच, की ते 'दुसरीकडे' किती लांब चालेल. ती हद्द ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: आपला जिल्हा आणि शेजारचे. गावाजवळचं धानाच्या भुशावर चालणारं छोटं वीजकेंद्र गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडलं होतं; हद्द एवढीच ठरली, तर कंपनीला त्याचीच प्रमाणपत्रं घ्यावी लागणार होती. शेजारच्या काकू तिथे भुसा भरायच्या. त्यांना मी सांगूनही बसले, "काकू, आता सुरू होईल."

साहेबांनी कागद वाचला. "मॅडम, ग्रिड तो पूरे देश का एक है. हद्द देश लिहा." समुद्राकाठच्या पवनचक्क्यांची प्रमाणपत्रं तयारच होती. मी काही बोलायला गेले, तर म्हणाले, "नियमात बसतं की नाही?" बसत होतं. मी सही केली.

कारखान्याच्या फाटकावर पाटी लागली: शंभर टक्के पवनऊर्जा. त्या कार्यक्रमाला काकू आल्या. पाटी वाचून म्हणाल्या, "पवनचक्की कोठी हाय वो? आमच्याकडे तं काई फिरून नाई राह्यलं." बाजूलाच साहेब उभे. मी म्हटलं, "लांब आहे, काकू."

"मंग आमचं केंद्र?"

मी पाहुण्यांकडे वळले.

अजून त्याच खुर्चीवर आहे. दर वर्षी तोच कागद येतो, हद्दीचा रकाना आधीच भरलेला. सोडून जावं तर आई माझ्याजवळ, तिचे उपचार इथल्याच दवाखान्यात. गावी गेले की काकूंचं दार टाळून मागच्या गल्लीने जाते.

हे आईला वाचून दाखवायचं होतं. नाही दाखवणार. ती म्हणेल, साहेबापुढे तुझं काय चालणार होतं. सगळ्यांना मीही तेच सांगते. खरं असं, की साहेबांनी हद्द बदलली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. माझ्या शब्दावर त्या केंद्राची वीज घेतली असती आणि ते चाललं नसतं, तर बोट माझ्याकडे आलं असतं.